पूर्वेकडची दीड फूट भिंत

गेल्या वर्षी अकरा मार्चला, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी, जालन्यातल्या एका घराचा इसार झाला. रक्कम दोन लाख एक्कावन्न हजार. हजर चार जण: घर विकणारे निवृत्त गुरुजी, घर घेणारा टेंभुर्णीचा खत-बियाण्यांचा दुकानदार, त्याचा मेहुणा, आणि मध्यस्थ म्हणून मी. पाचवा माणूस हजर असायला हवा होता. तो भिंतीपलीकडे झोपला होता. त्याला उठवलं नाही, ही चूक माझी. त्या चुकीपायी तेविसाव्या दिवशी त्याच घरात रक्त सांडलं, त्यातलं काही मी स्वतः सांडलं, आणि पलीकडच्या खोलीत खाटेवर पडलेली एक म्हातारी छताखाली गाडली जाता जाता वाचली.

एकोणीस वर्षं मी घरं आणि प्लॉट दाखवतो. लोकांना वाटतं हा बोलण्याचा धंदा आहे. मला विचाराल तर यात मार खाण्याची तयारी जास्त लागते. जन्मभराची पुंजी घेऊन माणूस समोर उभा राहतो तेव्हा तो भ्यालेला असतो, आणि भ्यालेला माणूस हात उचलतो. मंठ्याच्या एका गिऱ्हाइकाने वीस फुटांचा रस्ता अठरा फूट भरला म्हणून भर चौकात मला चप्पल मारली होती. दोन फूट कमी होतेच.

टेंभुर्णीचा दुकानदार त्याहून वेगळा होता. त्याच्या दोन्ही पोरांचे जालन्याच्या शाळेत प्रवेश झाले होते आणि जूनच्या आत त्याला घर हवं होतं. तरी त्याने गुरुजींचं घर सतरा वेळा पाहिलं. तारखा माझ्या डायरीत आहेत. दर वेळी तो काहीतरी मोडून जायचा. टाच आपटून दोन फरशा तडकवल्या, मोरीचा नळ पिळून त्याचा आटा घालवला, कडीकोयंडा ओढून पाहताना तो चौकटीतून उपसला. बोलताना समोरच्याचा दंड धरायची त्याला सवय होती. महिनाभर माझ्या उजव्या दंडावर चार बोटांचे निळे डाग होते. बायकोने विचारलं, "अहो, हे काय?" मी म्हणालो, "गिऱ्हाईक."

एकदा त्याने मुठीने स्वयंपाकघराची भिंत ठोकायला सुरुवात केली. गुरुजी हात जोडून म्हणाले, "हळू. पलीकडे आजारी माणूस आहे."

"गुरुजी, तुमी पोरांला मारलं का न्हाई कधी?"

"मारलं."

"मंग? मारल्याबिगर कच्चं-पक्कं कळतं का?"

"मी पोरांना मारलं," गुरुजी म्हणाले, "फळा नाही फोडला."

मेहुणा हसला. दुकानदाराने त्याच्या पाठीत असा धपका घातला की त्याच्या हातातला चहा शर्टावर सांडला.

पलीकडचं आजारी माणूस म्हणजे शेजाऱ्याची आई. तिचं खुब्याचं हाड मोडलं होतं. तीन महिने हलवायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. तिची खाट याच भिंतीला लागून होती. शेजारी औद्योगिक वसाहतीत, सळया बनवणाऱ्या कारखान्याच्या भट्टीवर रात्रपाळीला. सकाळी सातला यायचा, आईचं सगळं करायचा आणि आठला झोपायचा. हे मला माहीत होतं. घर दाखवताना गल्लीत गाडीचा हॉर्नही वाजवू नका, असं मीच गिऱ्हाइकांना सांगत असे.

आता चूक कशी झाली ते सांगतो. ज्यांच्याकडे मी हा धंदा शिकलो ते पिढ्यान्‌पिढ्या जालन्यात राहिलेले मारवाडी गृहस्थ होते. त्यांचा एक नेम होता, तो मी अठरा वर्षं पाळला. इसाराच्या दिवशी चारही दिशांचे शेजारी चहाला बोलवायचे आणि त्यांच्यासमोर टेप लावायचा. ते म्हणत, "कागद झूठ बोलतो, टेप पण झूठ बोलतो. चहा पिणारा शेजारी न्हाई बोलत. त्याला आपली हद्द पाठ असते."

त्या दिवशी उत्तरेचे, दक्षिणेचे आणि पश्चिमेचे शेजारी सकाळी येऊन चहा पिऊन गेले. पूर्वेचा झोपेत होता. मी म्हणालो, दुपारी चारला तो उठेल, तेव्हा इसार करू. दुकानदाराने खिशातून पंचांगाचं पान काढलं. साडेअकराला मुहूर्त संपत होता.

"एका माणसाच्या झोपेसाठी माझा मुहूर्त घालवता का?"

मी टेप लावला. घराच्या दर्शनी बाजूला गुरुजींचा पिवळा रंग जिथे संपतो आणि शेजाऱ्याचा निळा सुरू होतो, तिथे मी पूर्वेची हद्द धरली. बावीस फूट रुंद, चाळीस फूट खोल, आठशे ऐंशी चौरस फूट. जुन्या खरेदीखतात "अंदाजे ऐंशी चौरस मीटर" असं होतं, म्हणजे आठशे एकसष्ट. मी त्यातल्या "अंदाजे"वर बोट ठेवलं आणि माझ्या टेपवर विश्वास ठेवला. छत्तीसशेच्या दराने एकतीस लाख अडुसष्ट हजार. इसारपावती माझ्या हाताने लिहिली: "पूर्वेकडील भिंतीसह, बाहेरून बाहेर, बावीस फूट."

गुरुजींनी सही केली. त्यांनी वाचलं नाही. एकोणीस वर्षांत माझ्या अक्षरातला कागद कुणी वाचून सही केल्याचं मला आठवत नाही. त्याचा मला अभिमान होता.

दुसरी चूकही माझीच. खरेदीखत पंधरा एप्रिलला ठरलं होतं. त्याआधी रंग देऊन घेतो म्हणून दुकानदाराने मागच्या दोन खोल्यांची चावी मागितली. गुरुजींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी मान डोलावली. गुरुजी पुढच्या खोलीत राहायला आले. चावी मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी दुकानदाराने परसातला शेवगा कुऱ्हाडीने तोडला. झाडाला शेंगा लागलेल्या होत्या. गुरुजींनी विचारलं, तर म्हणाला, "झाड मोजलं का त्या कागदात? मंग कशाला रडता?" गुरुजींनी तोडलेल्या फांद्यांवरच्या शेंगा काढून चारही घरी वाटल्या. मला हे त्यांनी चार दिवसांनी सांगितलं. तेव्हाच मी चावी परत घ्यायला हवी होती.

तीन एप्रिलला सकाळी साडेनऊला गुरुजींचा फोन आला. "लवकर या. भिंत पाडून राह्यलेत ते."

मी पोहोचलो तेव्हा गल्लीत चुन्याची धूळ होती. स्वयंपाकघरात दोन मजूर घण मारत होते. भिंतीत वर, छताजवळ, हात-दीड हात उंचीचं भगदाड पडलं होतं आणि त्यातून पलीकडच्या लोखंडी कपाटाचं वरचं टोक दिसत होतं. दुकानदार उलट्या बादलीवर बसून केळं खात होता.

"या, बराबर टायमाला आले. टेप हाय ना? दीड फुटाची भिंत पाडून चार इंचाची घालून राह्यलो. चौदा इंच खोली वाढती. मोजा."

मी भगदाडात पाहिलं. पलीकडच्या खोलीचं छत लोखंडी गर्डरांवर टाकलेल्या शहाबादी फरशांचं होतं. त्यातल्या दोन गर्डरांची टोकं भिंतीत उघडी पडली होती. भिंत अठरा इंच. गर्डर तिच्यात बरोबर नऊ इंच आलेले. टेप लावायचीही गरज नव्हती.

"थांबवा," मी म्हणालो. "ही भिंत सामाईक आहे. अर्धी त्यांची. त्यांचं छत तिच्यावर आहे."

"कोन म्हणतं?"

"तो गर्डर म्हणतोय."

"आन तुमी काय म्हणले?" त्याने खिशातून इसारपावतीची झेरॉक्स काढून माझ्या छातीवर आपटली. "वाचा. तुमचंच अक्षर. 'भिंतीसह.' पैसे मोजले मी ह्या भिंतीचे. माझी भिंत मी पाडीन, न्हाई तर चाटीन."

"गुरुजी," मी वळून विचारलं, "भिंत सामाईक आहे?"

"आहेच की," गुरुजी म्हणाले. "त्याचे वडील आणि मी, दोघांनी मिळून बांधली. मला वाटलं तुम्हाला माहीत आहे. तुम्ही सगळं मोजता."

एवढ्यात शेजारी आत आला. बनियनवर, अनवाणी, केसांत चुना, हातात पहार. तो दीड तास झोपला असेल. "माय हाय माझी खाली!" तो ओरडला. "कोनं हाणला घण?"

दुकानदार बादलीवरून उठला. "तुझी माय तुझ्या घरात. भिंत माझ्या घरात."

शेजाऱ्याने पहार फिरवली. ती दुकानदाराच्या डोक्यावरून गेली आणि दाराच्या चौकटीत घुसली. लाकूड उभं फाटलं. ती तिथून उपसून निघेपर्यंत मेहुण्याने त्याला मागून मिठी घातली आणि दुकानदाराने त्याच्या तोंडावर दोन ठोसे मारले. दुसऱ्या ठोशाला शेजाऱ्याने रक्त थुंकलं आणि त्यात अर्धा दात पडला. मी मधे गेलो तर माझ्या पोटात लाथ बसली. कुणाची ते मला कळलं नाही.

तेव्हा गर्डर वाजला. लोखंड दगडावरून सरकल्याचा आवाज होता तो, फार मोठा नव्हता. पलीकडे काहीतरी तडकलं, आणि खडे पडल्यासारखं बारीक काहीतरी पडत राहिलं. म्हातारीची हाकही आली नाही.

शेजाऱ्याने मेहुण्याच्या मनगटाचा कडकडून चावा घेतला, सुटला आणि आपल्या घराकडे पळाला. मजुरांनी घण खाली ठेवले. त्यांच्यातला वयस्कर म्हणाला, "आमी न्हाई मारत आता. मानूस हाय तिकडं."

"अर्धी ठेवून कशी चालंल?" दुकानदार म्हणाला. "पडू द्या एकदाची. मंग बसून बोलू." आणि त्याने स्वतः घण उचलला.

एक घाव त्याने मारला. गर्डरखालचा दगड हलला. त्याने दुसऱ्यासाठी घण डोक्यावर नेला तेव्हा माझ्या हातात टेप होता. पन्नास फुटी, पोलादी, चामडी डबीसकट सहाशे चाळीस ग्रॅम. वजन मी नंतर किराण्याच्या काट्यावर करून घेतलं. तो मी त्याच्या तोंडावर मारला. घण त्याच्या हातून मागे पडला. भुवई फाटली आणि रक्त डोळ्यात उतरलं. तो दोन्ही हातांनी डोळा धरून वाकला आणि मी पुन्हा मारला. पहिला फटका घण थांबवण्यासाठी होता. दुसरा तसा नव्हता. दुसरा सतरा खेपांचा, दंडावरच्या डागांचा आणि शेवग्याचा होता. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, इथे लिहितो.

त्याने आंधळेपणी माझा डावा हात पकडला आणि दोन बोटं मागे उलटवली. त्यांचा आवाज मला ऐकू आला.

"खाट बाहेर काढा!" गुरुजी ओरडले. सत्तर वर्षांच्या माणसाचा तो आवाज शाळेतल्या मैदानावरचा होता. त्यांनी मेहुण्याच्या कॉलरला धरून त्याला दारातून बाहेर ढकललं. मेहुणा मनगटातून रक्त गळत असताना पळत गेला. मजूर रंगकामासाठी आणलेल्या बल्ल्या घेऊन त्याच्यामागे धावले.

मी हात सोडवून पलीकडे पोहोचलो तेव्हा बल्ल्या गर्डरखाली लागल्या होत्या. म्हातारी चादरीत होती, तोंडावर धूळ, डोळे उघडे. शेजारी तिच्या अंगावर आडवा पालथा पडून होता, पाठीने छत झेलणार असल्यासारखा. तिला उचलायचं नाही, म्हणून खाटेसकट न्यायचं ठरलं. खाट तीन फूट, दार दोन फूट आठ इंच. खाट तिरपी केली तर म्हातारी घसरली असती. वयस्कर मजुराने पलीकडून तोच घण आणला आणि पाच घावांत शेजाऱ्याच्या दाराची चौकट फोडून काढली. दर घावाला वरून चुना पडत होता. आम्ही सहा जणांनी खाट अंगणात आणली. मी एकाच हाताने धरली होती.

म्हातारी पहिलं बोलली ते असं: "माझा मशेरीचा डबा राह्यला आत."

"राहू दे माय," शेजारी म्हणाला. त्याच्या तोंडातून रक्त तिच्या चादरीवर पडत होतं.

"राहू दे काय? भरलेला हाय."

साधारण वीस मिनिटांनी दोन फरशा खाली आल्या. दुसऱ्या दिवशी मी आत जाऊन पाहिलं. जमिनीवर खाटेच्या पायांचे चार ठसे होते. उशाकडच्या दोन ठशांच्या मधोमध एका फरशीचे तुकडे पडले होते. फरशी दोन इंच जाडीची होती. तिचं वजन काढायचा विचार मनात आला आणि मी तो केला नाही.

दवाखान्यात म्हातारीच्या खुब्याचा फोटो काढला. हाड जागेवर होतं. दुकानदाराच्या भुवईला चार टाके पडले. माझ्या बोटांना प्लॅस्टर घातलं. मग सगळे पोलीस ठाण्यात गेलो. हवालदाराने विचारलं, "लिहायचं का मिटवायचं?" मी म्हणालो, "मी यांना दोन वेळा मारलं."

"विचारलं न्हाई ते सांगू नका," तो म्हणाला. "मिटवायचं का?"

नऊ एप्रिलला गुरुजींच्या पुढच्या खोलीत बैठक झाली. या वेळी चारही शेजारी होते. मी सगळ्यांसमोर पुन्हा मापलं. भिंतीच्या मध्यापर्यंत एकवीस फूट तीन इंच. आठशे पन्नास चौरस फूट. तीस फूट मी जास्त लिहिले होते, त्यांची किंमत एक लाख आठ हजार. दुकानदार टाके पडलेल्या डोळ्याने माझ्याकडे बघत म्हणाला, "आठशे ऐंशीचे पैसे आठशे पन्नासला मी न्हाई देनार." हिशेबात तो बरोबर होता. मला ते मोठ्याने म्हणावं लागलं.

व्यवहार मोडला तर बरं, असं मला वाटत होतं. पण गुरुजींनी इसाराचे पैसे मुलीच्या गावी घराच्या अनामतीला दिले होते, आणि दुकानदाराला जूनच्या आत घर हवंच होतं. शेजारी गुरुजींकडे पाहून म्हणाला, "असला शेजारी देऊन चालले का मला?" गुरुजींनी कोरा कागद माझ्याकडे सरकवला.

मी लिहिलं: भिंत पुन्हा अठरा इंचांचीच बांधायची, गर्डर नव्याने बसवायचे, आणि शेजाऱ्याने पाहून होय म्हटल्यावरच खरेदीखत. या वेळी कागद मी मोठ्याने वाचून दाखवला, दोनदा.

मग दाताच्या खर्चाचा विषय निघाला. डॉक्टरांनी सहा हजार सांगितले होते. शेजारी म्हणाला, "दाताचे पैसे नको. एक मारू द्या मला."

दुकानदाराने विचार केला. खरंच विचार केला, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं. "एका थापडीत सहा हजार माफ?"

"माफ."

"बिलकुल? मंग पुन्हा मागायचे न्हाई."

"न्हाई मागनार."

दुकानदार उठून उभा राहिला. शेजाऱ्याचा हात भट्टीवर काम करणाऱ्या माणसाचा होता. दुकानदार भिंतीवर जाऊन आदळला आणि खाली बसला. एक टाका उसवला आणि रक्त गालावरून शर्टावर आलं. त्याने रुमाल लावला आणि मेहुण्याला म्हणाला, "लिहून घे, दात मिटला."

मग शेजारी माझ्याकडे वळला. मी प्लॅस्टरचा हात मागे घेतला आणि म्हणालो, "मलाही मारा. जास्त चूक माझी आहे."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमाला मारून काय उपेग? तुमच्याकून पैसे घेतो. तुमाला तेच लागतं."

हे वाक्य त्या महिन्यातल्या सगळ्या फटक्यांपेक्षा जास्त लागलं. ते खरं आहे की नाही हे मला आजही नक्की सांगता येत नाही.

भिंत उभी राहायला सतरा दिवस लागले. खरेदीखत एकोणतीस एप्रिलला झालं. गुरुजींना इसार धरून तीस लाख साठ हजार मिळाले. दोन्हीकडची दलाली मी घेतली नाही. भिंत, गर्डर, फरशा आणि दाराच्या चौकटीचं बिल सेहेचाळीस हजार पाचशे झालं. गवंड्याला तेवीस हजार दोनशे पन्नास दुकानदाराने दिले, तेवढेच मी दिले. दुकानदाराचे टाके, उसवलेल्या टाक्यासह, दोन हजार चारशे, ते मी दवाखान्यात भरले. शेजाऱ्याचे कारखान्यातले सहा दिवसांचे खाडे, सातशेच्या हिशेबाने चार हजार दोनशे, दोन मे रोजी मी त्याच्या नव्या चौकटीत उभा राहून रोख दिले. त्याने ते दोनदा मोजून घेतले.